पडलेल्याला सोडून पळू नका

माघ लागला. मळणी आटपली, भात कणगीत गेलं, तूस परसात लोटून झालं, तसं रुक्मानं घरातली उरलीसुरली कामं हातावेगळी करायला घेतली. गोठा सारवला. तांदळाचं पीठ दळून डबा गच्च भरला. लोणच्याच्या बरणीचं फडकं बदललं. रामनगरपासून हाकेच्या अंतरावरल्या त्या वाडीत बाई घर सोडून आठ दिवस जाणार असली की अशीच कामं काढते, हे तिच्या नवऱ्याला, गणपतीला ठाऊक होतं. तो कट्ट्यावर बसून कोयत्याला धार लावत होता. कोयत्याला धार होतीच. तरी तो दगडावर पाणी शिंपडत होता आणि घासत होता.

"उद्याच निघतीस?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"व्हय. उजाडलं की."

"जत्रंला जातो म्हणून सांग लोकास्नी. उळवीची जत्रा हायच. तेवढं ते ब्यानर ठेव घरात."

"ब्यानरसाठीच तर चाललोय मी."

कोयता थांबला. गणपतीनं भिंतीला टेकवलेल्या त्या कापडाकडं पाहिलं. जुन्या धोतराचा पांढरा तुकडा, त्यावर निळ्या रंगात मोठी अक्षरं. वर मराठीत 'नशेत पडलेल्याला सोडून पळू नका', खाली तेच कानडीत. लिहिणारी त्यांचीच पोरगी, श्वेता. कानडी शाळेत शिकलेली, अक्षर दोन्हींत वळणदार.

"श्वेताचं ठरायलंय," गणपती म्हणाला. "नंदगडची माणसं घर बघून गेली. त्यास्नी काय सांगितलंय आपण? ल्योक हार्टनं गेला म्हणून. आता तू गावोगाव वरडत फिरणार, गोळ्या खाऊन गेला म्हणून?"

"व्हय."

"लाज न्हाई वाटत?"

"वाटती की. लई वाटती." रुक्मा सूप झटकत म्हणाली. "म्हणूनच नऊ म्हैनं गप बसलो."

गणपतीनं कोयता खुंटीला अडकवला आणि काजूच्या रानाकडं निघून गेला. जेवायलासुद्धा आला नाही.

त्यांचा योगेश सव्वीस वर्षांचा होता. गणेशगुडीला काळी नदीवर पाहुण्यांना रबरी बोटीतून न्यायचा. अंगानं काटक, पोहण्यात पटाईत. नदीनं त्याला कधी काही केलं नाही. गेल्या वैशाखात, सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, लॉजमागच्या शेडमध्ये तो दोस्तांबरोबर बसला. दारू होती आणि कुणीतरी आणलेल्या गोळ्या होत्या. योगेशला झोप लागली. तो मोठ्यानं घोरायला लागला. दोस्त हसले, त्याला तसाच उताणा सोडून चहाला गेले. परत आले तेव्हा ओठ निळे पडले होते. पोलीस येतील या भीतीनं ते पळाले.

पळालं नाही ते एक कुत्रं. योगेशनं पाळलेलं, तांबूस रंगाचं, एक कान फाटलेलं. नदीच्या उसळत्या धारेला बोटवाले रॅपिड म्हणतात, तेच नाव योगेशनं त्याला ठेवलं होतं. रुक्माच्या तोंडात त्याचा राप्या झाला. राप्यानं ओरडून ओरडून रान डोक्यावर घेतलं, तेव्हा लॉजच्या चादरी धुणारी फुला नावाची बाई धावत आली. तिनं १०८ ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत योगेशला सोडलं नाही. पण दांडेलीच्या वाटेवरच तो गेला.

"ते घोरणं नव्हतं, आई," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रुक्माला म्हणाल्या होत्या. "श्वास अडकत होता. तेव्हाच कुणी कुशीवर वळवून गाडी बोलावली असती, तर कदाचित वाचला असता."

गावात मात्र हार्ट अटॅक म्हणून सांगितलं. गणपतीनं सांगितलं आणि रुक्मानं मान हलवली. राप्या घरी आला, पण घरात टिकेना. दर आठवड्याला गणेशगुडीच्या रस्त्याला लागायचा आणि रुक्मा दावं घेऊन त्याला आणायला जायची. एकदा परतताना एका थांब्यावर अनोळखी म्हातारीनं विचारलं, "कुणाचं गे कुत्रं?" आणि रुक्मा कशी कोण जाणे, सगळं खरं बोलून गेली. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा नातू बी घोरतो असा, दारू पिऊन आल्यावर. उताणा झोपवू न्हाई म्हणतीस?" त्या दिवशी घरी येताना रुक्माचे पाय दुखले नाहीत.

निघायच्या सकाळी गणपती घरात नव्हता. श्वेतानं भाकरी बांधून दिल्या, आईच्या पाया पडली.

"तुजं लग्न मोडलं तर गे?" रुक्मानं विचारलं.

"ब्यानर कुणी लिवलंय, आव्वा? मीच न्हवं?" श्वेता म्हणाली. "जा तू. बा-ला मी बघतो."

पहिला दिवस वाईट गेला. रामनगरच्या नाक्यावर ओळखीची माणसं होती म्हणून रुक्मा तिथं थांबलीच नाही, बॅनर गुंडाळलेलंच ठेवून खाली मान घालून पुढं निघाली. जगलबेटला एका हॉटेलासमोर धीर करून उभी राहिली. आत लॉरीवाले चहा पीत होते. गल्ल्यावरच्या माणसानं तिच्याकडं आणि कुत्र्याकडं बघून शिळा पाव पुढं केला.

"घे आनि पुढं जा, बाई. गिऱ्हाइकं हाईत."

"मागाया आलो न्हाई. दोन शब्द सांगायचं व्हतं."

"काय सांगतीस?"

रुक्मानं बॅनर सोडलं. एका लॉरीवाल्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "कुत्रं पितंय काय गे तुझं?" सगळे हसले. रुक्माच्या तोंडचं पाणी पळालं. पाठ करून आणलेलं एकही वाक्य आठवेना. तिनं कापड गोळा केलं. राप्यानं मात्र तो पाव खाल्ला होता, म्हणून ती "उपकार झालं" एवढं म्हणाली आणि वाटेला लागली.

डांबर तापलं होतं. राप्या पाय उचलून उचलून टाकत होता. तिनं लुगड्याचा पदर फाडून त्याच्या पायांना चिंध्या बांधल्या, त्यानं चार पावलांवर त्या दातांनी ओढून काढल्या. मग दोघंही रस्त्याकडंच्या तांबड्या फुफाट्यातून चालले. लॉरी गेली की धूळ उडायची, दातांखाली कचकच व्हायची. संध्याकाळी एका वाडीतल्या देवळाच्या ओसरीवर ती टेकली तेव्हा दोन्ही टाचांना फोड आले होते. उद्या सकाळी मागं फिरावं, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं.

सकाळी देवळात दिवा लावायला आलेल्या बाईनं तिचे पाय बघितले. काही न विचारता घरी नेलं. खोबरेल तेलात हळद गरम करून फोडांवर लावली, पुढ्यात नाचणीची अंबील ठेवली, राप्यालाही करवंटीत ओतली. शेजारणी जमल्या.

"देवाला चाललीस व्हय, जत्रंला?"

"देवाला बी," रुक्मा म्हणाली. आणि अंबिलीची वाटी हातात धरूनच तिनं सांगितलं. ल्योक कसा गेला ते. दोस्त कसे पळाले ते. बायका पुढं सरकून बसल्या. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "पर न्हाई आलं आमच्या ध्यानात. पडला तर करायचं काय नेमकं? ते दाव की."

रुक्मानं ते डॉक्टरीणबाईंकडून दोनदा विचारून शिकून घेतलं होतं. ती उठली. एक उफाड्याची पोरगी हसत हसत सारवलेल्या जमिनीवर आडवी झाली. रुक्मानं तिला कुशीवर वळवलं, वरचा गुडघा मुडपून पुढं ठेवला, हात गालाखाली दिला, मान थोडी मागं केली. "आता वांती झाली तरी भाईर पडती. घशात अडकत न्हाई. मग १०८ लावायचं. काय खाल्लं, काय प्यालं ते खरं सांगायचं, लपवायचं न्हाई. आनि गाडी येतोवर सोडून जायचं न्हाई. एवढंच."

"एवढंच?" ती बाई म्हणाली.

"एवढंच गे. एवढंच कुणी केलं न्हाई."

निघताना त्या बाईनं रुक्माच्या पिशवीत गुळाचा खडा टाकला आणि आपल्या जुन्या चपला तिच्या पायांत घातल्या. रुक्माच्या चपलांचे अंगठे तुटायला आले होते. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं, हे रुक्माला पुढं कोसभर गेल्यावर आठवलं, आणि ती रस्त्यातच वळून त्या वाडीच्या दिशेनं हात जोडून उभी राहिली.

गणेशगुडी जवळ आली तशी राप्याची चाल बदलली. उतार लागला, झाडांतून नदी हिरवी हिरवी दिसायला लागली, आणि त्यानं असा हिसडा दिला की दावं रुक्माच्या हातातून सुटलं. ती हाका मारत मागं धावली. एका लॉजच्या मागं दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. तिथं एक सावळी, हडकुळी बाई गुडघ्यांवर बसली होती आणि राप्या तिचं तोंड, हात, मान चाटत सुटला होता.

"तू फुला न्हवं?" रुक्माला धाप लागली होती.

बाईनं वर बघितलं. ओळख नव्हती, पण तिला कळलं. तिनं ओले हात लुगड्याला पुसले. "आई व्हय तुमी?"

दोघी नदीकाठच्या खडकावर बसल्या. राप्या मधे येऊन बसला. मग फुलाच बोलली.

"कुत्रं वरडाय लागलं तवा मी ह्याच चादरी घालत व्हतो. जाऊन बघतो तर पोरगं एकलंच. कुशीवर वळवलो, तोंडातलं बोटानं काढलो. मला काय ठावं न्हवतं, अक्का. म्हशीचं रेडकू गुदमरलं की करतो तसं केलो. मग फोन लावलो आनि डोसकं मांडीवर घेऊन बसलो."

"बोलला काय?"

"न्हाई. एकदा डोळं उघडलान. आनि माजा हात धरलान. असा." फुलानं रुक्माचं मनगट पकडलं. "गाडीत घालताना बोटं सोडवाय लागली."

रुक्मानं त्या हाताकडं बघितलं. साबणानं, सोड्यानं पांढरा पडलेला, भेगाळलेला हात. नऊ महिने तिला एकच दिसत होतं. शेडमध्ये एकटा पडलेला पोरगा. तो एकटा नव्हता. त्याच्या हातात हा हात होता.

ती रडली. फुला शेजारी बसून राहिली. रडणं सरल्यावर रुक्मानं पिशवीतून नव्या भाताचे तांदूळ, नारळ आणि हिरवा खण काढला. घरातून निघतानाच तिनं ते बाजूला बांधलं होतं. फुला झटकन मागं सरली.

"मला न्हाई चालत, अक्का. माजा नवरा जाऊन सात वर्सं झाली. विधवंची वटी भरतात काय कुणी? कोण बघंल."

"बघंनात की," रुक्मा म्हणाली. "माझ्या ल्योकाला मांडी दिलीस तू. तुला चालत न्हाई तर मग कुणाला चालतंय? पदर धर."

फुलानं पदर धरला. ओटीतले चार दाणे खडकावर सांडले.

बोटवाल्या पोरांना दुपारी सुट्टी असते. फुलाच त्यांना बोलावून घेऊन आली. पंधरा-वीस जण धक्क्यावर जमले, ओल्या चड्ड्या, गळ्यात शिट्ट्या. योगेशची आई म्हटल्यावर कुणी हसलं नाही. पण सगळ्यांच्या मागं एक जण झाडाआड उभा होता. राप्या त्याच्याकडं बघून गुरगुरला. रुक्मानं त्याला ओळखलं. वासू. तिच्या घरी चार वेळा जेवून गेलेला. त्या दुपारी शेडमधून पळालेल्यांपैकी एक.

ह्याला भेटल्यावर काय बोलायचं ते तिनं मनात कितीदा घोळवलं होतं. आता त्यातला एकही शब्द ओठांवर येईना. पोरगा वाळला होता. दाढीचे खुंट, खोल गेलेले डोळे.

"वासू, हिकडं ये," ती म्हणाली.

तो आला. मान वर केली नाही.

"पड खाली."

"काय, मावशी?"

"पड म्हणतो न्हवं. उताणा पड. ह्यास्नी दावायचंय."

वासू धक्क्याच्या फरशीवर उताणा पडला. रुक्मा त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली. मग तिनं त्याचा खांदा धरला, त्याला कुशीवर घेतलं, गुडघा मुडपला, त्याचाच हात त्याच्या गालाखाली सारला. "बघा नीट," पोरांना म्हणाली, "दोस्त असा घोराय लागला की हसू नका. हाका मारा, चिमटा काढा. उठंना झाला तर असा वळवा आनि फोन लावा. पोलिसाचं भ्या वाटंल. वाटूंदे. भ्यालात तरी बसा त्याच्यापाशी." वासूचं अंग गदगदायला लागलं. तो तसाच कुशीवर पडून रडत होता आणि रुक्माचा तळहात त्याच्या डोक्याखाली होता. तिनं तो काढून घेतला नाही.

"मावशी, मी धरून बसलो असतो तर—" तो म्हणाला.

"ते आता सांगू नगंस. मला सोसत न्हाई." मग ती म्हणाली, "पर तू इतं जे पडलास न्हवं आज, तेचं उपकार हाईत माज्यावर. आता तू दाव सगळ्यास्नी. दर नव्या पोराला."

एकेक करून सगळी पोरं आडवी झाली. वासू त्यांना वळवत होता. निघताना तो राप्याजवळ बसला. राप्यानं त्याचा हात हुंगला, चाटला मात्र नाही.

जोयड्याला पोचली तो चौथा दिवस होता. बसस्टँडवर ती अर्धा तास बोलली, आता शब्द अडत नव्हते. लोक ऐकून पांगल्यावर इस्त्रीची साडी नेसलेली एक बाई मागून आली आणि हळूच म्हणाली, "माझ्या भावाला सवय आहे. घरात कुणापाशी बोलता येत नाही. मला परत एकदा दाखवाल?" दोघी स्टँडच्या मागं गेल्या आणि रुक्मानं तिच्या हातावर हात ठेवून तिला सगळं दाखवलं.

तिथंच श्वेताचा फोन आला.

"आव्वा, नंदगडच्यांचा फोन आलता. कुणीतरी तुजा व्हिडिओ धाडलाय त्यास्नी. न्हाई म्हणाले."

रुक्मा स्टँडच्या बाकावर बसली. "बा काय म्हणाला?"

"काय न्हाई. भाईर जाऊन बसलाय."

"चुकलं काय गे माजं?"

"आव्वा," श्वेता म्हणाली. "जे घर माज्या दादाचं खरं ऐकून घेत न्हाई, त्या घरात मी जलमभर हार्ट हार्ट करत बसू? बरं झालं. तू जेवलीस काय?"

पोरगी एवढी कधी मोठी झाली, ते रुक्माला कळलं नव्हतं. त्या दिवशी ती कुंभारवाड्याच्या वाटेवर सावकाश चालली. लग्न मोडल्याचं दुःख होतं, ते पायांत उतरलं होतं. पण अशी लेक पदरात घातली म्हणून ती वाटेतल्या प्रत्येक देवाला थांबून नमस्कार करत होती.

पुढं जंगल. उळवीला जाणाऱ्या रस्त्यावर वनखात्याचं गेट होतं. जत्रेमुळं माणसांची, बैलगाड्यांची रांग लागली होती. गार्डचं नाव दत्तप्रसाद. त्यानं रुक्माला वाट दिली आणि राप्याकडं बोट केलं.

"नायी बिडंगिल्ला. कुत्रं न्हाई सोडत, अक्का."

"दावं हाय की माज्या हातात. सोडणार न्हाई."

"तू सोडत न्हाईस गे, पर बिबट्या ऐकतोय काय? आठ दिसांमागं हितलंच कुत्रं उचललं, मालकाच्या पायापासनं. कुत्र्याच्या नादानं तुजंबी काय बरंवाईट झालं तर?" तो चिडून बोलत नव्हता. "हितं बांधून जा. मी भाकर घालतो."

रुक्मानं राप्याकडं बघितलं. ह्याला इथं बांधून पुढं जाणं तिच्यानं होणार नव्हतं. ती रस्त्याकडंला बसली. तास गेला. गाड्या घुंगरं वाजवत पुढं सरकत होत्या.

धारवाडकडची एक गाडी तिच्यासमोर थांबली. गाडीवान साठीचा, भरघोस मिशांचा, डोक्याला पटका. नाव शिवानंद. त्यानं बॅनरवरचं कानडी सावकाश वाचलं. "ओडब्याडरी," तो स्वतःशीच म्हणाला, पळू नका. मग मोडक्या मराठीत विचारलं, "याकऽ, का बसलीस, अक्का?"

तिनं सांगितलं. त्यानं गार्डाला विचारलं, "पायी नको. गाडीत चालतंय?"

दत्तप्रसादनं डोकं खाजवलं. "गाडीत बांधून, झाकून नेलासा तर माजी ना न्हाई."

शिवानंदनं कडब्याच्या पेंढ्या सरकवून जागा केली. राप्या बैलांच्या वासानं अंग चोरत होता. त्या माणसानं त्याला लहान पोराला उचलावं तसं उचललं आणि पोत्यावर ठेवलं. "बर्री, ये," रुक्माला म्हणाला, "तू पण बस."

"मी चालतो. चालत येतो म्हणून देवाला बोललोय."

"मग चाल. तुझं लेकरू माझ्या गाडीत हाय."

रुक्मा गाडीच्या चाकाला धरून चालली. दुतर्फा झाडी, वाळक्या पानांचा वास, मधूनच वानरांचं खेकसणं. शिवानंदच्या घरच्या बायका गाडीतून तिला जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाचटणी देत होत्या. कानडीतली वाक्यं तिनं त्यांच्याकडून सुधारून घेतली. चढावर बैल दमले की सगळे उतरायचे, गाडीला खांदा द्यायचे. तीही द्यायची.

उळवीत पोचली तेव्हा माणसांचा पूर आला होता. देवळाच्या रस्त्याला नारळाची, केळ्यांची, कुंकवाची दुकानं. रुक्मानं एका वडाखाली बॅनर बांधलं. शिवानंद तिच्या बोलण्याचं कानडी करून सांगत होता. लोक थांबत होते, घटकाभर ऐकत होते.

"कुणीतरी आडवं व्हा म्हणजे दावतो," ती म्हणाली.

कुणी हलेना. पोरं एकमेकांना ढकलून हसायला लागली. धुळीत, एवढ्या लोकांत, कुत्र्याशेजारी कोण लोळणार? मागून एक आवाज आला, "ल्योक नशा करून मेला आनि आई जत्रंत नाव काढाय आलीया."

रुक्माला ते लागलं. बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात राप्या शेपूट हलवत उठला. गर्दी सारत एक माणूस पुढं येत होता. खांद्याला पिशवी, अंगात लग्नाकार्याचा सदरा. गणपती.

तो सरळ बॅनरखाली आला. पिशवी खाली ठेवली. टोपी काढून पिशवीवर ठेवली. मग गुडघे धरून, कंबरेला हात लावून तो धुळीत बसला आणि उताणा झाला.

"दाव," तो म्हणाला.

रुक्मा त्याच्याकडं बघत राहिली. मग खाली बसली. लोकांदेखत नवऱ्याच्या अंगाला तिनं उभ्या जन्मात हात लावला नव्हता. तिनं त्याला कुशीवर वळवलं, गुडघा पुढं घेतला, त्याचा राठ हात गालाखाली ठेवला. सगळ्यांच्या पायांकडं तोंड करून पडल्यापडल्या गणपती मोठ्यानं बोलला. आवाज फुटला तरी बोलला.

"ल्योक माजा व्हता. योगेश नाव. दारू आनि गोळ्यानं गेला. मी हार्ट म्हणून सांगत फिरलो. हार्ट न्हवतं."

शिवानंदनं ते कानडीत सांगितलं. मागचा आवाज परत आला नाही. हसणाऱ्या पोरांतला एक जण पुढं आला, चपला काढून गणपतीशेजारी आडवा झाला आणि म्हणाला, "आता मला वळवा, ह्या अज्जास्नी बघूदेत."

दुपारी देवळाच्या प्रसादाच्या पंगतीत दोघं शेजारी बसली. भात, सार, गोड हुग्गी. गणपती भात कालवत म्हणाला, "श्वेता म्हणाली, बा, आव्वा तितं एकली हाय. आनि तू हितं बसून कोयतं घासतोस." मग खाली बघून, "तुज्या पायास्नी काय झालंय गे?"

"बरं झालं आता. एका बाईनं तेल लावलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवानंदच्या घरच्यांचे पाय धरून ती दोघं बसपाशी आली. गणपती खिडकीशी बसला. रुक्मा राप्याला घेऊन चढायला लागली तर कंडक्टरनं दार अडवलं. कुत्रं चालत नाही. रुक्मा काही बोलायच्या आत गणपती पिशवी घेऊन खाली उतरला.

"तुमी बसा की. गुडघं दुखत्यात तुमचं."

"दुखूंदेत. गेटापतोर परतीची गाडी बघू ह्याच्यासाठी. तितनं जाऊ चालत."

गाडी मिळाली. राप्या पेंढीवर बसला आणि नवरा-बायको मागून चालायला लागली. ऊन अजून कोवळं होतं. गणपती गुडघ्यावर हात देत, पाय ओढत चालत होता आणि रुक्मा त्याच्या चालीनं चालत होती. पहिल्या वळणापलीकडं गेल्यावर त्यानं विचारलं, "ती फुला भेटली म्हणालीस. काय बोललं काय गे पोरगं, शेवटाला?"

"बोलला न्हाई. हात धरला व्हता तिचा. घट्ट. गाडीत घालताना बोटं सोडवाय लागली, म्हणाली."

गणपती चालत राहिला. एक ओहोळ गेला, एक चढ गेला. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"शिमग्याला बोलीव तिला घरी," तो म्हणाला. "म्हणावं, चार दिस ऱ्हायाच्या बोलीनं ये."

"बोलीवतो," रुक्मा म्हणाली.